शुश्रूषागृहाची रंगरंगोटी पाहू नका, खाट पाहा



आपल्या वस्त्यांतून आजकाल एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. आईला अर्धांगाचा झटका आलेला असतो, किंवा वडील न्हाणीत घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडलेले असते. रुग्णालय काही दिवस ठेवून घेते आणि मग घरी न्या म्हणून सांगते. आता त्या माणसाला उठवायचे, बसवायचे, भरवायचे, त्याचे मलमूत्र काढायचे. घर दहा बाय बाराचे. मुलगा कंत्राटी कामावर, सून चार घरची धुणीभांडी करणारी, नातवंडे शाळेत. कोणी एकाने घरी बसायचे म्हटले तर त्याचा पगार बुडतो, आणि पगार बुडाला की औषध बंद पडते. अशा वेळी कोणी तरी सांगते की अमुक ठिकाणी पेशंट ठेवून घेतात. घरात चर्चा होते, पण मोठ्याने नाही. कारण शेजारी काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, ही भीती असते.

आम्हाला सर्वप्रथम हेच सांगावयाचे आहे की, ज्या माणसाची सेवा घरी होणे खरोखर अशक्य आहे त्याला चांगल्या ठिकाणी ठेवणे हा अपराध नाही. दिवसभर कुलूपबंद खोलीत ओल्या अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा चार माणसांच्या देखरेखीखाली राहणे केव्हाही बरे. मात्र ते ठिकाण खरोखर चांगले आहे की नाही, हे न पाहता ठेवणे आणि ठेवल्यावर पाठ फिरवणे, हे मात्र चूक. ते पाहायचे कसे, एवढाच आजच्या सदराचा विषय आहे.

पाटी काय सांगते आणि काय सांगत नाही

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की बाळंतपणाचा छोटा खाजगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. आम्ही येथे बोलत आहोत ते अंथरुणाला खिळलेल्या, विस्मरण झालेल्या, दीर्घ आजारी वृद्धांना ठेवून घेणाऱ्या जागेविषयी. कोणी त्यास शुश्रूषागृह म्हणतात, कोणी केअर सेंटर. वृद्धाश्रम हा प्रकार बहुधा वेगळा असतो. अनेक वृद्धाश्रम आपल्या पायांनी चालणाऱ्या, आपल्या हाताने जेवणाऱ्या माणसालाच घेतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की, आमचा माणूस उद्या पूर्ण झोपून राहिला तर तुम्ही ठेवणार की परत पाठवणार?

दुसरा प्रश्न नोंदणीचा. महाराष्ट्रात १९४९ पासून शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा आहे. आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणाऱ्या जागेने त्याखाली नोंदणी करावयाची असते. ते प्रमाणपत्र पाहायला मागावे. संस्था धर्मादाय असेल तर तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. पण हे नीट समजून घ्या. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी एवढेच सांगते की, अशी एक संस्था अस्तित्वात आहे. आत पडलेल्या म्हातारीला रात्री पाणी मिळते की नाही, हे तो कागद सांगत नाही. दारावरची कमान, देणगीदारांची नावे कोरलेला संगमरवर, पुढाऱ्यांसोबत काढलेले फोटो, हेही ते सांगत नाहीत.

केव्हा जावे

तुम्ही फोन करून वेळ घेऊन गेलात तर तुम्हाला कार्यालय दाखवतील, बाग दाखवतील, चहा देतील. तसे एकदा जाऊन यावे. नंतर न सांगता आणखी दोन वेळा जावे. एक खेप जेवणाच्या वेळी आणि दुसरी रविवारी किंवा सायंकाळी सातच्या सुमारास, जेव्हा दिवसपाळीचे लोक निघून जातात आणि मालक जागेवर नसतो. एकट्याने जाऊ नये. घरातील एक बाई बरोबर असावी, म्हणजे बायकांच्या खोलीत आतपर्यंत जाता येते.

आत शिरल्यावर आधी नाकावर विश्वास ठेवा. जेथे वृद्ध आजारी माणसे आहेत तेथे कधी तरी वास येणारच. एका खाटेजवळ आला आणि थोड्या वेळात साफ झाला, तर त्यात काही वावगे नाही. परंतु सगळ्या मजल्यावर लघवीचा जुना, भिंतीत मुरलेला वास येत असेल, किंवा फिनाईल आणि अगरबत्तीचा इतका भपका असेल की डोळे चुरचुरतात, तर समजावे की येथे काही तरी झाकले जात आहे.

मग म्हणावे, “तुमच्याकडचा सर्वांत जास्त आजारी पेशंट ज्या खोलीत आहे ती खोली दाखवा.” त्या माणसाची लाज राखून, दारातून पाहिले तरी पुरे. बोलते-चालते आजी-आजोबा पुढच्या खोलीत बसवलेले असतात. त्यांना काही कमी पडले तर ते ओरडून मागू शकतात. जो मागू शकत नाही त्याला काय मिळते, यावरूनच त्या घराची खरी परीक्षा होते. ती खोली दाखवायला टाळाटाळ झाली तर तेथूनच परत फिरावे.

शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण

हे पाहायचे कसे, यासाठी आपल्याकडे एक फार जुनी कसोटी आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आणि आनंद फिरत फिरत तेथे आले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवले. नंतर भिक्खूंना बोलावून बुद्धांनी विचारणा केली. बाबासाहेबांनीही हा प्रसंग ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात घेतला आहे. महावग्गात त्या प्रसंगापुढेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करून देता यावे. पथ्य आणि अपथ्य कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माचे बोलून रुग्णाचे मन उभारी धरील असे करता यावे. अडीच हजार वर्षे होत आली तरी शुश्रूषागृह तपासायला यापेक्षा चांगली यादी आम्हाला दिसत नाही. ती हाती घेऊन एकेक गोष्ट पाहू.

औषध. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा वेगळा डबा आणि वेगळा तक्ता आहे काय? गोळी दिली की लगेच तक्त्यावर खूण होते, की दिवसाअखेरी एकदाच सगळ्या खुणा मारून टाकतात? इन्शुलिन कोण टोचते आणि साखर कधी तपासतात? प्रशिक्षित परिचारिका दिवसा किती आणि रात्री किती? डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात आणि मध्यरात्री दम लागला तर कोणते रुग्णालय ठरलेले आहे? उत्तरे थेट मिळाली पाहिजेत. “काळजी करू नका, सगळी सोय आहे,” हे उत्तर नव्हे.

एक गोष्ट विशेष पाहावी. भर दुपारी बाराला सगळा वॉर्ड पेंगत असेल तर संशय घ्यावा. म्हातारी माणसे रात्री ओरडतात, उठून फिरतात, म्हणून काही ठिकाणी झोपेच्या गोळ्या देऊन त्यांना गप्प ठेवतात. अशा गोळ्यांनी तोल जातो, माणूस पडतो, घास श्वासनळीत जातो. झोपेची गोळी कोणत्या डॉक्टरने आणि कशासाठी लिहून दिली, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

पथ्य आणि पाणी. जेवणाच्या वेळी ताटात काय आहे हे पाहाच, पण त्याहून अधिक म्हणजे ते पोटात जाते की नाही हे पाहा. ज्याचा हात चालत नाही त्याच्यापुढे ताट ठेवून वाढणारी निघून गेली आणि अर्ध्या तासाने भरलेले ताट उचलून नेले, तर त्याला जेवण मिळाले असे म्हणता येत नाही. भरवताना माणसाला टेकून ताठ बसवले पाहिजे, लहान घास दिला पाहिजे, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. आडव्या माणसाच्या तोंडात घाईने पेज ओतली तर ती फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

वृद्धांना तहान कमी लागते. म्हणून पाणी मागेल तेव्हा देऊ, असे म्हणणारी जागा चालणार नाही. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर असावा आणि दिवसातून अनेकदा कोणी तरी स्वतः होऊन पाजावे. जीभ कोरडी, ओठ फुटलेले, लघवी गडद पिवळी, ही पाणी न पाजल्याची खूण असू शकते. वजन दर महिन्याला करतात काय, हेही विचारा. पन्नास किलोच्या माणसाचे एका महिन्यात अडीच किलो वजन उतरले तर डॉक्टरला दाखवलेच पाहिजे.

मलमूत्र आणि कातडी. येथेच चांगल्या आणि वाईट शुश्रूषेतला फरक उघडा पडतो. झोपून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. तसे न केल्यास माकडहाड, खुबा, टाच या ठिकाणी रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते. तिलाच बेडसोअर म्हणतात. ही जखम काही तासांत सुरू होऊ शकते आणि भरायला महिनोन् महिने लागतात. पुस्तकात लिहितात की आधी कातडी लाल होते. पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. म्हणून बोटाने चाचपून पाहावे. आजूबाजूपेक्षा गडद, गरम, कडक किंवा लिबलिबीत डाग लागला तर तो धोक्याचा इशारा समजावा. हवेची गादी असली तरी वळवावे लागतेच. वळवल्याची वेळ लिहून ठेवणारा कागद खाटेजवळ आहे का, ते पाहा.

डायपर दिवसातून किती वेळा बदलतात, हे विचारताना “ठरलेले दोन” असे उत्तर आले तर ते पुरेसे नाही. घाण झाला की बदललाच पाहिजे. लघवीची नळी फक्त गरज असेल तेव्हाच घालतात की काम वाचावे म्हणून सगळ्यांना घालून ठेवली आहे? नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली असावी, पण जमिनीवर लोळत नसावी. एका रुग्णाचे करून दुसऱ्याकडे जाताना आया हात धुते की नाही, हे दोन मिनिटे गप्प उभे राहिलात तरी कळेल. आणि बाईला आंघोळ बाईनेच घालावी, मध्ये पडदा असावा. म्हातारी झाली म्हणून तिची लाज संपत नाही.

मैत्रीभाव आणि मजुरी. मैत्रीभावाने सेवा व्हावी हे खरे. पण या प्रश्नाकडे आपण दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. अशा ठिकाणी आया, मावशी, वॉर्डबॉय म्हणून राबणाऱ्यांत आपल्याच वस्तीतील भगिनी आणि मुले पुष्कळ आहेत. बारा-बारा तासांची पाळी, महिन्याकाठी हातावर टेकवलेली अपुरी रक्कम, हातमोजे मोजून मिळणारे, आणि एका बाईच्या वाट्याला वीस वीस खाटा, अशी स्थिती असेल तर ती माउली कितीही मायाळू असली तरी दर दोन तासांनी वीस माणसांना वळवू शकणार नाही. तिच्यावर रागावून उपयोग नाही. मालकाला विचारा की, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत किती खाटांमागे किती माणसे जागी असतात? त्यांना पगार वेळेवर मिळतो काय? वरचेवर माणसे सोडून जातात काय? जुन्या, टिकलेल्या आया असलेले घर बहुधा बरे असते, कारण कोणत्या आजीला उजव्या कुशीवर दुखते हे त्यांना तोंडपाठ असते.

आणि जमल्यास त्या आयांशी बाहेर चहाच्या टपरीवर दोन शब्द बोला. त्यांच्यापैकी कोणी तुमच्याच नात्यातली निघेल. “ताई, तुझी स्वतःची आई तू येथे ठेवशील का?” एवढा एकच प्रश्न विचारा. ती काय बोलते त्यापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ लावते ते पाहा.

मनाची उभारी. कर्मचारी रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारतात? “आजी”, “बाबा”, “काका” म्हणतात, की “ए सात नंबर” म्हणतात? कोणाचे हात खाटेला बांधलेले दिसतात काय? दिसले तर का, किती वेळ आणि कोणाच्या लेखी सांगण्यावरून, हे विचारा. माणसे दिवसभर भिंतीकडे पाहत पडलेली असतात, की कोणी त्यांना खुर्चीत बसवून उन्हात, खिडकीशी, माणसांत आणते?

आपल्या माणसांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी पाहणे भाग आहे. आडनाव ऐकताच समोरच्याचा सूर बदलतो काय? कोणाचे पेले-ताटे वेगळी ठेवली जातात काय? सायंकाळची आरती सर्वांना सक्तीची आहे की ज्याला बसायचे नाही त्याला आपल्या खाटेवर स्वस्थ राहता येते? जन्मभर सुके बोंबील आणि अंडी खाल्लेल्या माणसाला यापुढे ती कधीच मिळणार नसतील तर हे आधी कळायला हवे. उशाशी बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा छोटा फोटो ठेवू देतात काय? स्मृती गेलेल्या माणसाला घरच्यांची नावे आठवत नाहीत, पण लहानपणापासून म्हटलेली वंदना कित्येकदा ओठांवर येते. ती ऐकवायला घरचे कोणी आले तर त्यांना मज्जाव नसावा. आणि मृत्यू झाल्यास आधी कोणाला कळवतील, बौद्ध पद्धतीने विधी करण्यासाठी देह लगेच ताब्यात देतील काय, हा प्रश्न जड वाटला तरी विचारून ठेवावा.

इमारत

पाच गुणांखेरीज जागाही पाहून घ्यावी. न्हाणीत व संडासात धरायला दांड्या आहेत काय, फरशी ओली राहते काय, रात्री वाटेवर दिवा असतो काय? खाटेजवळ घंटा आहे काय आणि ती चालते काय? स्वतः दाबून पाहा आणि कोणी किती वेळात येते ते मोजा. वरच्या मजल्यावर झोपून असलेले रुग्ण असतील आणि जिना अरुंद, खिडक्यांना पक्के गज, दुसरा दरवाजा सामान टाकून बंद केलेला, तर आग लागल्यावर त्यांना कोण आणि कोठून बाहेर काढणार, हे विचारा. कॅमेरे बसवले आहेत म्हणून सांगतील. कॅमेरा पाहतो, पण तो कुशीवर वळवत नाही.

पैसा आणि कागद

महिन्याचा आकडा ऐकून लगेच होकार देऊ नये. डायपर, औषधे, डॉक्टरची भेट, मालीश-व्यायाम, रुग्णवाहिका, हे त्यात धरले आहे की वेगळे, याची यादी लिहून घ्यावी. अनामत किती आणि माणूस परत नेल्यास किंवा वारल्यास किती दिवसांत परत मिळेल, हेही लिहून घ्यावे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही-अंगठा देऊ नये. “आमच्याकडे काहीही झाले तरी आमची जबाबदारी नाही,” अशा मजकुरावर सही मागत असतील तर दहा वेळा विचार करावा. वृद्धाचे बँक पासबुक, एटीएम कार्ड, पेन्शनचे कागद, घराची कागदपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत.

रुग्णालयात न्यायची वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात असाव्यात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. त्याचे कार्ड आधीच काढून ठेवावे. ते रुग्णालयातील उपचारासाठी आहे, शुश्रूषागृहाच्या महिन्याच्या खर्चासाठी नाही. दुसरे असे की, महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला घरी शोधत बसावे लागू नये म्हणून त्यांच्या प्रती तयार ठेवाव्यात.

ठेवल्यानंतरचे काम

कित्येक कुटुंबे निवडताना कसोशीने पाहतात आणि ठेवल्यावर महिन्यातून एकदा पैसे भरायला जातात. आम्हाला वाटते, निम्मी परीक्षा तर त्यानंतरच सुरू होते. ज्या रुग्णाकडे घरचे येतात त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचे लक्ष अधिक राहते, हे कोणीही आया सांगेल. म्हणून भावा-बहिणींनी, सुना-जावयांनी वार वाटून घ्यावेत. दर वेळी वेगवेगळ्या वेळेला जावे. एक छोटी वही ठेवावी. तीत तारीख, वजन, टाचा आणि पाठ कशी आहे, किती जेवण झाले, काय बोलले, एवढे चार शब्द लिहावेत. पांघरूण बाजूला करून टाचा पाहायला संकोच करू नये. अंगावर बोटांचे वळ, न सांगितलेली जखम, कोणी जवळ येताच दचकणे, हे दिसले तर त्याच दिवशी विचारणा करावी, उद्यावर टाकू नये. चांगले काम दिसले तर त्या आयेचे नाव घेऊन तिच्यादेखत मालकाला सांगावे. तक्रार करायला सगळेच जातात, कौतुक करायला कोणी जात नाही.

तक्रार आधी तोंडी, मग लेखी द्यावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. दाद लागली नाही तर शुश्रूषागृहाची नोंदणी करणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी २०२१ पासून सुरू आहे. मारहाण किंवा उपासमारीचा प्रकार असेल तर सरळ पोलीस ठाणे गाठावे.

कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. आई-वडिलांना सांभाळणे हे त्याने मुलांचे कर्तव्य ठरवले आहे, आणि मुलगीही त्यात आली. मुले सांभाळत नसतील तर आई-वडील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. ज्येष्ठाला सांभाळायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने त्याला कायमचे टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. खोटा पत्ता देऊन आईला एखाद्या दारात सोडून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ज्यांना परवडत नाही

हे सगळे वाचून आमच्या कित्येक भगिनी म्हणतील की, येथे महिन्याचे भाडे भरताना नाकीनऊ येतात, शुश्रूषागृहाचे पैसे कोठून आणायचे? खरे आहे. निराधार वृद्धांसाठी दर जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय होईल असे वृद्धाश्रम शासनाने काढावेत, असे २००७ च्या कायद्यात म्हटले आहे. आपल्या जिल्ह्यात तशी सोय किती आहे, झोपून असलेल्याला ती मिळते काय, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी विचारला पाहिजे. अनेकांनी विचारला तरच तो कोणाच्या तरी टेबलावर येईल.

तोपर्यंत जे घरी सांभाळत आहेत त्यांनाही ही पाच गुणांची कसोटी लागू आहे, आणि ती सुनेला एकटीला लागू नाही. रात्रीचे वळवणे मुलाने करावे, पाणी पाजणे नातवाने करावे. चादर कोरडी ठेवणे, पोटरीखाली मऊ कापडाची घडी घालून टाच अधांतरी ठेवणे, टेकून बसवून भरवणे, यांना पैसे लागत नाहीत, हात लागतात. विहारातील महिला मंडळांना आमची नम्र सूचना आहे की, वस्तीत अंथरुणाला खिळलेली माणसे किती आहेत त्याची यादी करावी. आठवड्यातून दोन तास कोणी तरी जाऊन त्या घरच्या बाईला मोकळे करावे, म्हणजे ती बाजार करील, स्वतःच्या दुखण्याचे औषध आणील, किंवा नुसती दोन तास झोपेल. ज्या मंडळांना जमेल त्यांनी जवळच्या शुश्रूषागृहालाही महिन्यातून एकदा भेट द्यावी. ज्यांच्याकडे कोणीच येत नाही अशी माणसे तेथे असतात. त्यांच्या खाटेजवळ बसावे, नाव विचारावे, गाव विचारावे.

आमच्या वाचकांपैकी कोणी असा माणूस सांभाळत असेल, किंवा अशा ठिकाणी आया-वॉर्डबॉय म्हणून काम करीत असेल, तर आपला अनुभव आम्हास जरूर कळवावा. विशेषतः रात्रपाळीचा. जागेचे नाव लिहू नये, फक्त काय होते आणि काय व्हायला हवे ते लिहावे. पुढे याच सदरात त्यावर सविस्तर लिहू.

जयभीम.